काटा पहाटेच का अडकतो: गळीत हंगामात सर्व्हरचं नेटवर्क कार्ड सारखं रिसेट होत होतं त्याची केस

पश्चिम महाराष्ट्रातला एक सहकारी साखर कारखाना, नाव नको, तिथलं सर्व्हर आणि नेटवर्कचं काम आमच्याकडे आहे. एकच बऱ्यापैकी दणकट मशीन, त्यावर डेबियन लिनक्स, डेबियनवर केव्हीएम (एका मशीनच्या आत अनेक मशीन चालवणारी सोय), आणि आत तीन व्हर्च्युअल मशीन: एकात काटा आणि शेतकी विभागाचा पोस्टग्रेस डेटाबेस, दुसऱ्यात विंडोजवर पगार आणि अकाउंट्स, तिसऱ्यात सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग. हे सगळं मदरबोर्डवरच्या एकाच गिगाबिट लॅन पोर्टमधून बाहेर जातं. हंगाम नसताना त्या मशीनला काही काम नसतं, पण गाळप सुरू झालं की चोवीस तास जुंपलेलं.

तक्रार साधी होती, "साहेब, काटा अडकतोय." म्हणजे होतं काय, तर ट्रॅक्टर काट्यावर चढतो, ऑपरेटर टोकन नंबर टाकतो, भरलेलं वजन इंडिकेटरवरून स्क्रीनवर येतं, सेव्ह दाबलं की स्लिप निघायला पाहिजे. ती निघत नाही, स्क्रीन गोठते, आणि जरा वेळाने कनेक्शन तुटल्याची एरर. मग सॉफ्टवेअर बंद करा, परत लॉगिन करा, परत वजन घ्या. आता बाहेरच्या माणसाला वाटेल मिनिटभराचा तर प्रश्न आहे, पण काट्यावर एकदा दिसलेलं वजन जाऊन दुसऱ्यांदा वजन घेतलं की लगेच काटामारीची चर्चा सुरू होते, आणि साखर पट्ट्यात हा विषय किती नाजूक आहे ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे एमडी साहेबांचा फोन थेट आला, मधल्या कुणाकडून नाही.

दोन गोष्टी सगळेच सांगत होते. एक, हे बहुतेक पहाटे होतं, चारची शिफ्ट बदलायच्या आसपास. दोन, दिवसा झालंच तर पंधरवड्याच्या ऊस बिलाच्या वेळी. बाकी दिवस दिवस काही नाही. यावर प्रत्येकाची थिअरी तयार होती. इलेक्ट्रिकल विभागाचं म्हणणं मिल हाउसच्या मोटारींमुळे अर्थिंग गडबडतंय. काट्यावरच्या ऑपरेटरचं म्हणणं फायबर साध्या लॅन केबलला जोडणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरचा अडॅप्टर तापतो (तो खरंच तापत होता, पण त्याचा इथं संबंध नव्हता). स्विचवाल्याचं म्हणणं सर्व्हर जुना झालाय. आमच्याच पोराने पॅच कॉर्ड बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, आणि पुढचे दोन-तीन दिवस काही झालं नाही म्हणून सगळे खूश, मग परत सुरू. अधूनमधून येणाऱ्या फॉल्टची हीच खोड असते, काहीही बदला, थोडे दिवस बरं वाटतं आणि आपण चुकीच्या गोष्टीला श्रेय देऊन मोकळे.

मला आधी हे ठरवायचं होतं की फक्त काटा अडकतो का सगळंच अडकतं. पहाटे चारला काट्याशिवाय कुणी कॉम्प्युटरवर बसलेलं नसतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाची तक्रार येणारच नाही, म्हणून तक्रार नाही याचा अर्थ फॉल्ट नाही असा होत नाही. इथे सीसीटीव्ही कामाला आला. रेकॉर्डिंगच्या टाइमलाइनवर त्या तारखा उघडून बघितल्या तर सगळ्या कॅमेऱ्यांना, म्हणजे केन यार्ड, गोडाउन, गेट, ऑफिस, सगळ्यांना एकाच क्षणी पाऊण मिनिटाच्या आसपासचा गॅप. मीडिया कन्व्हर्टरचा प्रॉब्लेम असता तर फक्त काट्याच्या बाजूचे कॅमेरे गेले असते. सगळे एकदम जातात म्हणजे दोष सर्व्हरमध्ये किंवा सर्व्हर ज्या स्विचला लावलाय तिथे. शिवाय फुकटात एक गोष्ट मिळाली, मागच्या कित्येक दिवसांच्या फॉल्टची सेकंदापर्यंतची वेळ, जी ऑपरेटरच्या "साधारण साडेतीन-पावणेचारला" यापेक्षा फार कामाची.

त्या वेळा घेऊन होस्टचा, म्हणजे तिन्ही व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालतात त्या खऱ्या मशीनचा, कर्नल लॉग (लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी) उघडला. व्हर्च्युअल मशीनच्या आत बघून काही मिळत नाही, तिथे लिंक कायम वरच दिसते, कारण तिचं कार्ड खोटं आहे. होस्टवर मात्र प्रत्येक गॅपच्या वेळेला तेच पान छापलेलं: ई१०००ई (इंटेलच्या लॅन चिपचा) ड्रायव्हर, इंटरफेस ईएनओ१ (म्हणजे मदरबोर्डवरचा तोच लॅन पोर्ट), "डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग", दोन-दोन सेकंदांनी तोच मेसेज, मग "रिसेट अडॅप्टर अनएक्स्पेक्टेडली", आणि तीन-चार सेकंदांनी "लिंक इज अप १००० एमबीपीएस".

या हँगच्या मेसेजखाली जे आकडे येतात ते बरेच लोक वाचतच नाहीत, तसेच कॉपी करून गुगलवर टाकतात. पण ते वाचले की अर्धं काम होतं. पाठवायची पॅकेट ड्रायव्हर एका गोल रांगेत लावतो, बाय डिफॉल्ट २५६ जागांची. टीडीटी म्हणजे रांगेचं शेपूट, ते ड्रायव्हर पुढे सरकवतो. टीडीएच म्हणजे रांगेचं तोंड, ते कार्ड पुढे सरकवतं, जसजसं पॅकेट उचलेल तसतसं. केन यार्डात नंबर लावतात तसंच, मागे गाड्या येऊन लागतायत आणि पुढची गाडी काट्यावरून उतरतच नाहीये. आमच्या एका लॉगमध्ये टीडीएच ए५ होतं आणि टीडीटी सी२, हेक्सचं दशमान केलं तर १६५ आणि १९४, म्हणजे २९ डिस्क्रिप्टर (रांगेतल्या जागा) अडकलेले. दोन सेकंदांनी पुढच्या मेसेजमध्ये टीडीएच परत ए५च. म्हणजे कार्डाने काम थांबवलंय, ड्रायव्हर वाट बघतोय. पाचेक सेकंद असंच राहिलं की कर्नलचा नेटवर्क वॉचडॉग, म्हणजे पाठवणं अडलंय का ते बघणारा पहारेकरी, उठतो आणि कार्ड रिसेट करायला लावतो. तर रिसेट हा आजार नाहीच, आजार हँगचा, रिसेट त्यावरचं औषध. हे लक्षात घ्यायला पाहिजे कारण काही जण वॉचडॉगचा टाइमआउटच वाढवून टाकतात, म्हणजे कार्ड अजून जास्त वेळ मेलेलं ठेवतात.

केबल, कनेक्टर, अर्थिंग यांचा संशय तिथेच जवळपास संपला. केबल खराब असती तर ईथटूल या लॅन कार्ड तपासायच्या कमांडच्या स्टॅटिस्टिक्समध्ये सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेट) चढले असते, इथे शून्य. आणि केबलमुळे लिंक पडली असती तर आधी लिंक डाउनचा मेसेज आला असता, इथे आधी हँग, मग रिसेट, आणि लिंक पडते ती त्या रिसेटमुळे. क्रम महत्त्वाचा आहे. इलेक्ट्रिकलच्या साहेबांना हे पटायला जरा वेळ लागला, पण त्यांनी त्या निमित्ताने सर्व्हर रूमचं अर्थिंग नवीन करून दिलं, तेवढाच फायदा.

आता एक हिशोब जुळत नव्हता. पहिल्या हँगच्या मेसेजपासून लिंक परत येईपर्यंत लॉगनुसार दहाच्या आत सेकंद. पण सीसीटीव्हीचा गॅप चाळीस सेकंदांच्या वर. मधले तीस सेकंद कुठे गेले? ज्यांनी मॅनेज्ड स्विच हाताळलेत त्यांना तीस हा आकडा ऐकूनच कळलं असेल. स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलचा गोल फेरा होऊन नेटवर्क अडकू नये म्हणून असलेली व्यवस्था) चालू होतं आणि सर्व्हरचं पोर्ट साधं ठेवलेलं. अशा पोर्टची लिंक पडून परत आली की स्विच ते लगेच वापरात घेत नाही, १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग, मग फॉरवर्डिंग. लाइट हिरवा लागलेला, सर्व्हर म्हणतोय लिंक अप, आणि एकही पॅकेट पलीकडे जात नाही. रॅपिड स्पॅनिंग ट्री असलं तरी पोर्ट एज (म्हणजे पलीकडे दुसरा स्विच नाही) म्हणून सांगितलेलं नसेल आणि ते आपोआप ओळखणारं ऑटो एजही बंद असेल तर समोरचं मशीन काही उत्तर देत नाही म्हणून तो तेवढाच वेळ थांबतो. होस्टवरच्या लिनक्स ब्रिजचा (व्हर्च्युअल मशीनना लॅन पोर्टशी जोडणारा सॉफ्टवेअरमधला स्विच) फॉरवर्ड डिले आधीच शून्य होता, नाहीतर त्याचाही वेळ वाढला असता.

या तीस सेकंदांचा काट्याशी थेट संबंध होता. काट्यावरचा पीसी विंडोजचा, आणि विंडोजचं टीसीपी पाठवलेल्या डेटाला उत्तर आलं नाही तर बाय डिफॉल्ट पाच वेळा परत पाठवतं, दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट करत, आणि लॅनवर साधारण वीसेक सेकंदांत कनेक्शन तोडून टाकतं. म्हणजे आठ-दहा सेकंदांचा खड्डा असता तर सेव्हला जरा वेळ लागला असता आणि स्लिप निघाली असती. चाळीस सेकंदांचा खड्डा म्हणजे कनेक्शन मेलंच. त्या दिवशी स्विचवर सर्व्हरचं पोर्ट एज केलं, काही स्विचवर त्याला पोर्टफास्ट म्हणतात. कार्ड त्यानंतरही हँग होत होतं, पण काट्यावरून फोन यायचे बंद झाले. ऑपरेटर म्हणाला, "आता मधेच जरा रेंगाळतंय, पण निघतीय स्लिप." खरं सांगायचं तर इथेच काम थांबवायचा मोह होतो, आणि हंगामाच्या गडबडीत बरेच जण थांबले असते, आम्हालाही बिल लावता आलं असतं. पण कार्ड अजून हँग होतंय हे लॉगमध्ये रोज दिसत होतं.

मग मूळ प्रश्न, हँग होतं कशामुळे. लोडमुळे म्हणावं तर साठेक कॅमेऱ्यांचा ट्रॅफिक दिवसरात्र येत होता, दोनशे एमबीपीएसच्या वर, आणि त्याने काही होत नव्हतं. पण तो येणारा ट्रॅफिक. पहाटे साडेतीनला जो बॅकअप सुरू व्हायचा तो जाणारा, डेटाबेसचा डंप आणि व्हर्च्युअल मशीनच्या इमेजेस ऑफिसातल्या नॅसवर (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स). पंधरवड्याला शेतकीचे सगळे जण एकदम बिलांचे रिपोर्ट काढतात, तोही जाणारा. आणि हँगचा मेसेज मुळातच पाठवायच्या रांगेबद्दल बोलतोय. सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं.

टेस्टिंग चालू गाळपात करता येत नाही. मिल जनरल क्लीनिंगला थांबली तेव्हा काही तास मिळाले. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचा प्रोग्राम) लावून सर्व्हरकडे ट्रॅफिक फेकला, काही नाही. उलट दिशेने, सर्व्हरकडून बाहेर, एकच स्ट्रीम, तरीही काही नाही, मस्त ९४० एमबीपीएस. इथे माझ्या बरोबरचा पोरगा म्हणाला, "सर, कार्ड तर ठणठणीत दिसतंय." मग खरा बॅकअप हाताने सुरू केला, सोबत बाहेर जाणारे बरेच छोटे-मोठे स्ट्रीम, आणि कॅमेरे चालूच होते. थोड्या वेळात हँग. थांबवलं, परत केलं, परत हँग. फॉल्ट हाताने आणता आला की अर्धी लढाई जिंकली.

आता माझा संशय ज्या सेटिंगवर होता त्या टीएसओबद्दल. टीसीपी सेगमेंटेशन ऑफलोड चालू असलं की कर्नल डेटाचे छोटे तुकडे करत बसत नाही, ६४ केबीपर्यंतचा गठ्ठा तसाच कार्डाला देतो आणि कार्ड त्याचे पंधराशे बाइटवाले चाळीस-पंचेचाळीस पॅकेट करतं. सीपीयूचं काम वाचतं. व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत अजून एक गंमत, आतल्या मशीनचं व्हर्टआयओ नावाचं खोटं कार्डही हे गठ्ठे तसेच बाहेर देतं, ते ब्रिजवरूनही अख्खेच जातात आणि खऱ्या कार्डापाशी पोहोचल्यावरच फुटतात. म्हणजे तिन्ही मशीनचं तुकडे करायचं ओझं शेवटी त्या एका बिचाऱ्या ऑनबोर्ड चिपवर. आणि ही चिप इंटेलच्या आय२१९ जातीची, जिची मॅक (पॅकेट हाताळणारा भाग) चिपसेटमध्ये असते आणि फक्त फाय (केबलवर सिग्नल पाठवणारा भाग) वेगळा, मुळात ऑफिसच्या डेस्कटॉपसाठी ठीक असलेली गोष्ट. या ड्रायव्हरवर जाणाऱ्या लोडखाली अशा हँगच्या तक्रारी जुन्या आहेत आणि टीएसओ बंद करणं हा त्यावरचा सगळ्यांना माहीत असलेला उपाय.

म्हणून ईथटूलने ईएनओ१ वर फक्त टीएसओ बंद केलं, बाकी कशाला हात लावला नाही. तोच बॅकअप, तोच आयपर्फ, तेच कॅमेरे, पूर्ण बॅकअप संपेपर्यंत हँग नाही. लगेच उड्या न मारता टीएसओ परत चालू केलं, हँग आला. परत बंद, गेला. हे बंद-चालू-बंद केल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, पॅच कॉर्ड बदलल्यावर काय झालं ते वर सांगितलंच आहे. बरेच जण टीएसओ, जीएसओ, जीआरओ (हे येणारी पॅकेट एकत्र करणारं) सगळं एका दमात बंद करून टाकतात. चालतं, पण जीएसओ म्हणजे तेच तुकडे करायचं काम कर्नल शेवटच्या क्षणी स्वतः करतो, ते चालू ठेवलेलं बरं, नाहीतर सीपीयूला उगाच जास्त ताप. आमच्याकडे जीएसओ चालू ठेवूनही हँग आला नाही. सीपीयूवर फरक दोन-तीन टक्क्यांचा, स्पीड तेवढाच. एक गिगाबिटला आजच्या प्रोसेसरला टीएसओची तशी गरजच नाही, दहा गिगाबिट असतं तर गोष्ट वेगळी.

काय काय करून उपयोग झाला नाही तेही लिहितो, कारण शोधल्यावर हेच सगळं सापडतं. रिंग बफर, म्हणजे वर सांगितलेली गोल रांग, २५६ वरून ४०९६ केला, हँग तसाच, फक्त अडकलेली रांग लांब. वीज वाचवणारं एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद केलं, फरक नाही. बूटला पीसीआयईचं एएसपीएम (वीज वाचवायला कार्डाची लिंक झोपवणं) बंद केलं, फरक नाही. हा एएसपीएमवाला उपाय जुन्या ८२५७४एल चिपसाठी खरा होता, ती पीसीआयईवर लावलेली वेगळी चिप होती आणि लिंक झोपवायच्या त्या पद्धतीने तिचे हाल व्हायचे, आमची चिप चिपसेटच्याच पोटात. त्याच ८२५७४एलची २०१३ सालची एक केस गाजली होती, पॅकेटमध्ये ठराविक जागी ठराविक बाइट आला की कार्ड बंदच पडायचं आणि पॉवर काढल्याशिवाय उठायचं नाही, शेवटी तो दोष एका मदरबोर्डवर कार्डाच्या ईईप्रॉममध्ये (सेटिंग साठवायची छोटी मेमरी) चुकीची सेटिंग टाकल्याचा निघाला. सांगायचं कारण एवढंच की एरर तोच दिसला तरी चिप कुठली ते बघितल्याशिवाय दुसऱ्याचं औषध आपल्याला लावू नका. आपली चिप कुठली ते एलएसपीसीआय ही कमांड सांगते, एका ओळीचं काम.

सेटिंग कायम करताना एक खाच आहे. ईथटूलने केलेला बदल रीबूट झाला की उडतो. डेबियनच्या नेटवर्क इंटरफेसेस फाइलमध्ये पोस्ट-अपची (इंटरफेस सुरू झाला की चालणारी) ओळ टाकावी लागते, आणि ती ईएनओ१ च्या खाली, ब्रिजच्या खाली नाही. ब्रिजवर टीएसओ बंद केलं तर आतल्या मशीनच्या गठ्ठ्यांना काही फरक पडत नाही, आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत बंद केलं तर फक्त त्या एका मशीनचं बंद होतं. सिस्टमडीची लिंक फाइल वापरणाऱ्यांना तिथे टीसीपी सेगमेंटेशन ऑफलोड नावाचा ऑप्शन मिळतो, तोही चालेल. काहीही वापरा, पण रीबूट करून ईथटूलला स्मॉल के देऊन टीएसओ खरंच ऑफ दिसतंय का ते बघा. आमच्याकडे पहिल्या रीबूटनंतर ते परत चालू झालेलं दिसलं, कारण पोस्ट-अपच्या ओळीत इंटरफेसचं जुनं नाव राहिलं होतं आणि कमांड गुपचूप फेल होत होती.

लक्ष ठेवायला भारी काही बसवलं नाही. कर्नल प्रत्येक इंटरफेसचा कॅरियर चेंजेस नावाचा आकडा सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलींमध्ये) ठेवतो, लिंक पडली किंवा आली की तो वाढतो. दर तासाला तो वाचून बदलला असेल तर मेसेज पाठवणारी चार ओळींची स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) लावली, सोबत लॉगमध्ये "युनिट हँग" शोधायचं. त्यानंतर तो आकडा एकदा वाढला, तेव्हा घाबरून फोन केला तर कळलं की स्विचच्या यूपीएसची बॅटरी बदलताना स्विच बंद केला होता.

एमडी साहेबांनी विचारलं की मग आता नवीन सर्व्हर घ्यायचा का. म्हणलं सर्व्हर नको, चार पोर्टचं वेगळं सर्व्हर ग्रेड लॅन कार्ड घ्या, बॅकअपला एक पोर्ट वेगळं देऊ, कॅमेऱ्यांना वेगळं, आणि काटा एकटा एका पोर्टवर. पण ते बसवायला मशीन बंद करून उघडावं लागणार आणि गाळप चालू असताना काटा अर्धा तास बंद ठेवायला शेतकीवाले तयार नाहीत, ते बरोबरही आहे. कार्ड येऊन स्टोअरमध्ये पडलंय, पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की बसवू.